उभ्या गाडीचा हिशेब

मालवाहतुकीबद्दल हल्ली जे काही छापून येतं त्यात गाडी कायम पळत असते. जाहिरातीतला ट्रक पळतो, भाषणातला पळतो, ॲपच्या पडद्यावरचा ठिपका तर पळतोच पळतो. मी गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीजवळ बसून पार्ट्यांना, म्हणजे माल पाठवणाऱ्या कारखान्यांना, गाड्या लावून देते, आणि माझा अर्धा दिवस उभ्या गाड्यांच्या फोनवर जातो. "ताई, सकाळधरनं गाडी लावलीया, अजून नंबर न्हाई." ड्रायव्हर कोल्हापूरकडचा असला की हे असं येतं, बिहारचा असला की हिंदीतून. मजकूर तोच.

या धंद्याचं गणित फार अवघड नाही. बँकेचा हप्ता, विमा, परमिट, फिटनेस, ड्रायव्हरचा पगार हे सगळं गाडी चालो न चालो द्यावंच लागतं. भाडं मात्र मिळतं खेपेचं. चार दिवसांची खेप सहा दिवसांवर गेली की महिन्यात एखाद-दुसरी खेप बुडते, आणि मालकाचा सगळा नफा त्या शेवटच्या एखाद-दुसऱ्या खेपेतच असतो. आधीच्या खेपा हप्त्यात आणि डिझेलात जातात. डिझेल रुपयाने वाढलं तरी बोंब होते, कारण तो भाव पंपावर लिहिलेला दिसतो. उभं राहण्याचा भाव कुठेच लिहिलेला नसतो.

हे मी बाबांच्या टिप्परांवरून शिकले. आमचं माहेरचं घर डिचोली तालुक्यात. लोहखनिजाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा सगळा हिशेब ट्रिपांवर. खाणीवर भरायचं, वजनकाटा करायचा, जेटीवर ओतायचं, परत खाणीवर. जेटीवरून बार्ज मांडवीतून मुरगावला आणि तिथून मोठ्या जहाजात. काट्यावर रांग लागली की संध्याकाळी बाबा जेवताना बोलायचे नाहीत. मग 2012 च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. मधे थोडं सुरू झालं, तोवर 2018 च्या फेब्रुवारीत कोर्टाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्याला पुन्हा सगळं ठप्प. फणसाखाली लावलेल्या टिप्परांचे टायर उन्हाने चिरले. शहाणे लोक सांगायचे, दुसरा माल भरा की! खनिजाचा टिप्पर म्हणजे आखूड, उघडा, जड हौदा. त्यात औषधाचे खोके भरून भिवंडीला कोण पाठवणार? एक टिप्पर भंगारात गेला, एक विकला, आणि बाबांच्या ओळखी तेवढ्या माझ्या हाती आल्या. लिलाव झाल्यावर आता काही खाणी परत सुरू होताहेत, डिचोलीतही 2024 मध्ये काम सुरू झालं. शेजारचे काहीजण पुन्हा टिप्पर घ्यायचं म्हणतात. मी गप्प बसते.

रस्त्यावरचं उभं राहणं मात्र खरोखर कमी झालंय, ते नाकारून चालणार नाही. पत्रादेवी, मोले, पोळे या सीमेवरच्या नाक्यांवर पूर्वी रात्र-रात्र गाड्या लागायच्या. ड्रायव्हर कागदांची पिशवी काखेत घेऊन खिडकीपाशी उभा, खिडकीमागचा साहेब चहाला गेलेला. 2017 च्या 1 जुलैला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके गेले. 2021 च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हा टोलनाक्यावर सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणंही गेली. झुवारीच्या जुन्या पुलावर जड गाड्यांना बंदी होती तेव्हा पत्रादेवीहून आलेली गाडी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत जायला फोंडा-बोरी असा वळसा घालायची. नव्या पुलाची एक बाजू 2022 च्या डिसेंबरअखेर सुरू झाली, दुसरी वर्षभराने. वरच्या त्या जाड केबलींचे फोटो पर्यटक काढतात. आमच्या लेखी पुलाची किंमत बोरीच्या वळणावर वाचलेल्या वेळात आहे.

नाका पूर्णपणे गेला असं मात्र समजू नका. गोव्याच्या पासिंगची गाडी महाराष्ट्रात शिरली की इन्सुलीला दारूसाठी बघणार म्हणजे बघणार. आत औषधं असोत नाहीतर पुठ्ठे असोत, गोव्याहून आलायस म्हणजे बाटली असणारच, असा सगळ्यांचा ठाम विश्वास. एक-दोन टिनपाट लोक खरंच बाटल्या नेतात आणि बाकीच्यांच्या ताडपत्र्या सुटतात.

विक्रीकराच्या नाक्याच्या जागी आलं ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारा, ऑनलाइन निघणारा कागद. 50 हजारांच्या वरचा माल असेल तर ते लागतंच. राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला 2018 च्या 1 एप्रिलपासून. त्याला मुदत असते. आधी 100 किलोमीटरला एक दिवस मिळायचा, 2021 पासून 200 ला एक. वेर्णा ते भिवंडी साधारण 600 किलोमीटर, म्हणजे तीन दिवस. ऐकायला भरपूर वाटतात. पण मुदत मोजायला सुरुवात होते ती बिलात गाडीचा नंबर घातला की. कारखान्यातला डिस्पॅचचा मुलगा आपली शिफ्ट संपायच्या आत काम उरकावं म्हणून दुपारीच नंबर घालून मोकळा होतो, आणि गाडी बाहेर पडते दुसऱ्या दिवशी सकाळी. घड्याळ पळतंय, गाडी गेटच्या आत उभी. पुढे अनमोडच्या घाटात झाड पडलं की आलीच पंचाईत. मुदत संपायच्या आधी किंवा नंतर आठ तासांच्या आत वाढवून घ्यायची सोय आहे, पण तेवढ्यासाठी रात्री अकरा वाजता पार्टीच्या माणसाला झोपेतून उठवावं लागतं. नाही उठला आणि वाटेत गाडी धरली तर दंड कराच्या दुप्पट. तोवर गाडी परत उभीच, या खेपेला सरकारी आवारात.

घाटांबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. करूळचा घाट 2024 च्या जानेवारीत कामासाठी बंद झाला तो उघडायला वर्ष गेलं. 2025 च्या पावसात अनमोडला रस्ता खचला आणि जड गाड्या थांबल्या. चोर्ल्याची वळणं लांब गाडीला मानवत नाहीत. तिथून रात्री बेळगावची भाजी येते ती छोट्या गाड्यांतून. मग उरतं आंबोली, नाहीतर खाली कारवारला उतरून यल्लापूरकडून वर चढायचं. त्यात चवथ आली की महाराष्ट्रात मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांना बंदी. ती योग्यच आहे, चाकरमानी गावाला येणार तर रस्ता मोकळा हवा. पण दरवर्षी ठरलेल्या वेळी येणाऱ्या या बंदीचा आमच्या पार्ट्यांना दरवर्षी नव्याने धक्का बसतो, याची मला गंमत वाटते. चतुर्थीची तारीख कॅलेंडरवर छापलेली असते हो!

मध्यंतरी केंद्र सरकारचा आकडा आला, देशाचा लॉजिस्टिक्सचा खर्च जीडीपीच्या 7.97 टक्के, वर्ष 2023-24. त्याआधी सगळे 13-14 टक्के म्हणायचे. 2022 च्या सप्टेंबरात राष्ट्रीय धोरण आलं तेव्हाही हेच 13-14 गाजत होते. मोजायची रीत सुधारली, आकडा खाली आला, चांगलं झालं. मी अर्थशास्त्री नाही. मला एवढंच दिसतं की रस्ता, पूल, टोल, कर या सगळ्यावर कुणी ना कुणी काम केलं. कारखान्याच्या गेटवर कुणी केलं नाही.

आता गेटच. औषधाच्या कारखान्याचं उदाहरण घेते, कारण वेर्णा म्हणजे औषधं. सकाळी आठला गाडी लागली. सिक्युरिटीच्या वहीत नोंद. लायसन्स, पीयूसी, विमा, फिटनेस दाखवा. अग्निशामक आहे का, चाकांना लावायचे ठोकळे आहेत का. ड्रायव्हरच्या पायात चप्पल असेल तर आत प्रवेश नाही. म्हणून माझ्या ऑफिसात टेबलाखाली सेफ्टी बुटांचे तीन-चार जोड आणि दोन हेल्मेटं पडलेली असतात. उत्तरेकडचा एक धिप्पाड ड्रायव्हर होता, त्याला कुठलाच जोड होईना, शेवटी शेजारच्या गॅरेजमधून आणले. मग क्यूएचा, म्हणजे गुणवत्ता तपासणारा, माणूस येऊन गाडी बघतो. हौद्याला वास नको. आदल्या खेपेला हळद किंवा खत गेलं असेल तर गाडी बाद. त्यानंतर उजेडाची तपासणी. माणूस आत जातो, बाहेरून दार लावतात, आणि तो अंधारात उभा राहून छताकडे, कोपऱ्यांकडे बघतो. सुईएवढा उजेड दिसला तरी गाडी रिजेक्ट, कारण जिथून उजेड येतो तिथून पाऊस येतो. ही तपासणी मला मनापासून पटते. आपल्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटात जाणारी गोळी आहे ती.

पण तपासणीला लागतात वीस मिनिटं. बाकीचा दिवस कशात जातो? क्यूएचा माणूस मीटिंगला गेलेला असतो. माल अजून पॅकिंगला असतो. माल भरायच्या एका डॉकवर दोन गाड्या बोलावलेल्या असतात, "असूदे, हाताशी असलेली बरी" म्हणून. बिल सिस्टीममधून निघत नाही. जेवणाची सुट्टी. शिफ्ट बदल. संध्याकाळी पाचला फोन येतो, आज होत नाही, गाडी राहूदे. हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, मागितले तर म्हणतात, गाडी सकाळी आठला आली याला पुरावा काय? पुरावा त्यांच्याच सिक्युरिटीच्या वहीत असतो, आणि ती वही आम्हाला दाखवत नाहीत. माल उतरवण्याच्या टोकाला हाच प्रकार, वर वाराई, म्हणजे माल उतरवण्याची हमाली, ड्रायव्हरच्या खिशातून. पणजी-पर्वरीला हल्ली किराणा मिनिटांत घरपोच येतो. त्यातला बिस्किटाचा पुडा ज्या ट्रकने गोव्यात आला तो गोदामाबाहेर दोन दिवस उभा होता हे मागवणाऱ्याला कुठून कळणार!

निर्यातीच्या कंटेनरची तर वेगळीच कथा. लोक विचारतात, मुरगाव बंदर दारात असताना गोव्याचा माल मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला का जातो? मुरगाव नैसर्गिक बंदर, 1963 पासून देशातल्या प्रमुख बंदरांत. पण ते वाढलं खनिजावर, आता कोळशावर. कोळसा उतरतो आणि ब्रागांझा घाटाच्या 37 ला 1 अशा चढावरून मागेपुढे इंजिनं लावून वर कर्नाटकात जातो. कंटेनरच्या जहाजाला एका फेरीत पुरेसे डबे मिळाले तरच ते थांबतं. गोव्याचा माल थोडा, म्हणून जहाजं कमी. जहाजं कमी, म्हणून पार्ट्या न्हावा शेव्याला पाठवतात. पाठवतात, म्हणून इथला माल थोडाच राहतो. यातून कसं बाहेर पडायचं हे कुणी सांगत नाही. तोवर रिकामा कंटेनर तिकडून आणायचा, वेर्ण्यात भरायचा, सील करायचा आणि परत न्यायचा. जाऊन-येऊन हजार किलोमीटरच्या वर.

आणि मग जगात कुठेतरी काहीतरी होतं. 2021 च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन नावाचं कंटेनरचं जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात 40 फुटी कंटेनरचा जागतिक सरासरी दर 10 हजार डॉलरच्या वर गेला, आणि इथे रिकामा डबा मिळेना. सगळं रुळावर येतंय तोवर 2023 च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. युरोपला दहा-चौदा दिवस जादा. तांबडा समुद्र मी नकाशात पाहिलाय, पण त्याचा फटका मला पनवेलजवळच्या यार्डातून आलेल्या फोनवर कळला. "ताई, कंटेनर रोल झालाय." म्हणजे ठरल्या जहाजात जागा नाही, पुढच्या जहाजाला जाईल. ट्रेलर उभा. शिपिंग लाईनचे फुकटचे दिवस संपले की डब्याचं डिटेन्शन, म्हणजे डबा अडकवून ठेवल्याचा आकार, सुरू. एक गोष्ट मात्र सुधारली: कंटेनरवर आता आरएफआयडी, म्हणजे ठावठिकाणा कळवणारा टॅग, असतो, नंबर टाकला की डबा कुठे आहे ते दिसतं. पूर्वी कुठे अडकलाय ते माहीत नसायचं, आता नेमकं माहीत असतं.

गाडी उभी असूनही पुढे जाते असा एकच प्रकार मला ठाऊक आहे, तो म्हणजे कोकण रेल्वेचं रो-रो. 1999 च्या 26 जानेवारीला कोलाड-वेर्णा असं सुरू झालं. भरलेला ट्रक रॅम्पवरून सपाट वाघिणीवर चढवायचा, चाकं बांधायची, आणि ड्रायव्हर-क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून कोकण बघत येणार. डिझेल वाचतं, टायर वाचतात, पावसात घाट टळतो. मार्गाचं विद्युतीकरण 2022 मध्ये पुरं झाल्यापासून डोक्यावर 25 हजार व्होल्टची तार असते, त्यामुळे ताडपत्री फडफडली तरी टपावर चढायचं नाही, हे प्रत्येक नव्या ड्रायव्हरला मी दोनदा बजावते. माझ्याकडचे जुने ड्रायव्हर रो-रोवर खूश असतात, झोप मिळते. मालक मात्र कुरकुरतात, कारण गाडीचा नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं आणि उंची बसली नाही तर परत फिरावं लागतं. 2025 च्या गणपतीत चारचाकींसाठीही तशीच सोय झाली, एका कारला तेव्हा 7,875 रुपये. त्या बातमीवर आमच्या ट्रान्सपोर्टच्या ग्रुपवर दिवसभर विनोद चालले होते. पंचवीस वर्षं ट्रक जाताहेत तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं.

परतीच्या भाड्याचं दुखणं गोव्याला जन्माचंच आहे. इथे येतं खूप: सिमेंट, सळ्या, टाइल्स, हॉटेलांचं फर्निचर, धान्य, भाजी. जातं थोडं, आणि जातं ते हलकं. औषधांच्या खोक्यांनी 32 फुटी गाडी छतापर्यंत भरते तरी वजनाला निम्मी असते. नोव्हेंबर-डिसेंबरात, हॉटेलं भरायच्या आधी, भरलेल्या गाड्यांची रीघ लागते आणि खाली झाल्यावर त्या सगळ्या एकाच वेळी परतीचा माल शोधतात, भाडं पडतं. पूर्वी ड्रायव्हर माझ्या ऑफिसबाहेरच्या बाकावर दोन दिवस बसायचे. आता मोबाइलवर लोड दिसतात. ब्लॅकबकसारखी कंपनी 2024 च्या नोव्हेंबरात शेअर बाजारात उतरली, यावरून या व्यवहारात किती पैसा आहे ते कळावं. माझं कमिशन त्यामुळे घटलं, आणि तरी मी ॲपच्या विरोधात नाही. बाकावर बसलेल्या माणसाला दुसरीकडून माल मिळाला तर मला त्याचं काय वाईट वाटायचंय? फक्त एक आहे. ॲप लोड शोधून देतं, पण गेट उघडून देत नाही. माल कुठे आहे हे दोन मिनिटांत कळतं आणि तो भरायला दोन दिवस लागतात.

ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून सगळे रडतात. 2025 च्या 1 ऑक्टोबरपासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा केलाय, हे फार आधी व्हायला हवं होतं. मे महिन्यात वेर्ण्याच्या रस्त्याकडेला उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये पाच मिनिटं बसून बघा. पण तो एसी चालतो इंजिन सुरू असेल तर. गाडी दिवसभर गेटवर उभी असताना इंजिन चालू ठेवायला कुठला मालक डिझेल देणार? म्हणजे जिथे सर्वात जास्त गरज तिथे तो बंद. शौचालयाचं तर बोलूच नका. गेटच्या आत स्टाफसाठी असतं, बाहेर थांबलेल्यांनी काय करायचं हे कारखान्याच्या कुठल्याच एसओपीत, म्हणजे कामाच्या नियमावलीत, लिहिलेलं नसतं. कोवळी पोरं या धंद्यात का येत नाहीत यावर अहवाल लिहायची गरज नाही, एक दिवस त्या रांगेत उभं राहावं.

काही पार्ट्या बदलताहेत, हेही लिहायला हवं. वेर्ण्यातला एक कारखाना आता आदल्या दिवशी वेळ ठरवून देतो: अमुक गाडी, अमुक डॉक, साडेदहा. गाडी दहाला पोचते आणि एकच्या आत बाहेर पडते. त्यांना मी थोडं कमी भाडं लावते आणि तरी मालक त्यांचा माल आधी उचलतात.

म्हणून यंदा बिल्टीचं, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या पावतीचं, नवं पुस्तक छापताना मी दोन रकाने वाढवले. गाडी गेटवर लागली ती वेळ, आणि गेटबाहेर पडली ती वेळ. समोर पार्टीची सही. छापणाऱ्याने विचारलं, याचा काय उपयोग? त्याला म्हटलं, तू छाप. काहींनी सही केली. एका जुन्या पार्टीच्या मॅनेजरने रकाने बघून फोन केला आणि अशा गोष्टी लिहून घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही म्हणाला. मी बरं म्हटलं आणि त्याला हॉल्टिंग धरून दर दिला. दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच विचारलं, सही केली तर दर किती?